तीनशे चिप्सचा पोकर संच : ब्लाइंडच्या कसोटीवर

पोकरचा संच घ्यायला आलेले गिऱ्हाईक बहुधा पेटीचे कुलूप उघडून पाहते, एखादी चिप, म्हणजे पैशांऐवजी वापरायची चकती, तळहातावर घेऊन तिचे वजन अजमावते, पत्ते प्लास्टिकचे आहेत की कागदी एवढे विचारते आणि पैसे देऊन मोकळे होते. या तिन्ही गोष्टी पाहाव्यात हे खरे. पण पोकरच्या संचाची परीक्षा पत्ते वाटण्याच्याही आधी सुरू होते. प्रत्येक डावाच्या आरंभी दोन खेळाडूंना आपली पाने न पाहताच जी सक्तीची रक्कम पुढे ठेवावी लागते, जिला ब्लाइंड म्हणतात, ती ठेवणे, ती कोणाकडे आहे हे साऱ्या टेबलाला दिसणे, ती एकेक जागा पुढे सरकवणे आणि ठरल्या वेळी वाढवणे, हे काम संचाने किती सुकर केले आहे यावर मी त्याची पारख करतो. या कसोटीवर प्रस्तुत संचाची बटणे, म्हणजे कोणती पाळी कोणाकडे आहे हे दाखवणाऱ्या चकत्या, उत्तम ठरली, चिप्स निम्म्या कामाच्या ठरल्या आणि सोबतचे नियमपत्रक मात्र सपशेल नापास झाले.

संच बेळगावच्या खडेबाजारातील एका दुकानातून घेतला. किंमत अडीच हजार रुपयांच्या आसपास पडली. निर्मात्याचे नाव येथे देत नाही, कारण याच साच्याचे संच निरनिराळ्या नावांनी सर्वत्र विकले जातात आणि आतला माल बहुतेक सारखाच असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या कडांची पेटी, ३०० चिप्स, पत्त्यांचे दोन जोड, डीलरचे (पाने वाटणाऱ्याचे) एक आणि ब्लाइंडची दोन अशी तीन बटणे व इंग्रजीत छापलेले एक नियमपत्रक एवढा ऐवज त्यात आहे. दुकानदाराने पेटी उघडून चिप्स मोजू दिल्या, ही गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. सीलबंद पेटी घेऊन घरी गेल्यावर एखादा रंग कमी निघाला, तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

आमच्या शहापूरच्या घरी गौरी-गणपतीच्या जागराला रमी आणि तीन पत्ती पूर्वापार चालत आली आहे. तरुण मंडळींच्या आग्रहाने तिच्यात आता पोकरची भर पडली. चिप्सना रुपयांत काहीही मोल नसते, खेळ संपला की त्या सगळ्या पेटीत परत जातात. हे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते, कारण कायद्याची स्थिती गेल्या काही वर्षांत बरीच बदलली आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्या दुरुस्तीतील महत्त्वाची कलमे उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली आणि त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानेच देशभर पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. फोनवर पोकर शिकलेली मुले घरच्या टेबलाकडे वळण्याचे हेही एक कारण आहे, आणि माझ्या मते ते स्वागतार्ह आहे.

पहिल्याच बैठकीत स्मॉल ब्लाइंडवर, म्हणजे दोन सक्तीच्या रकमांपैकी लहान रक्कम भरण्याच्या जागेवर, बसलेल्या माझ्या भाच्याने विचारले, "मामा, पानं अजून हातात आली नाहीत, आणि आधीच कशाला ठेवायचं ओ?" प्रश्न अगदी मूळचा आहे आणि कोणत्याही नियमपत्रकाने त्याचे उत्तर पहिल्या पानावर दिले पाहिजे. या पत्रकात ते कुठेच नाही, म्हणून येथे देतो.

टेक्सास होल्डेम या सर्वांत प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि पुढे टप्प्याटप्प्याने तीन, एक व एक अशी पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात. ५२ पत्त्यांतून दोन पानांच्या १३२६ जोड्या होतात आणि त्यांपैकी दोन एक्के येण्याचे प्रकार फक्त ६ आहेत. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा ही सर्वश्रेष्ठ जोडी हाती येते. आता सक्तीची रक्कम नाही असे समजा. पॉट, म्हणजे मध्ये जमणारी रक्कम, रिकामा आहे, फोल्ड करण्याला, म्हणजे पाने टाकून डाव सोडण्याला, काहीही खर्च नाही, तेव्हा शहाण्या खेळाडूने दोन एक्के येईपर्यंत स्वस्थ बसावे. आणि बाकीचेही तितकेच शहाणे असतील, तर ज्या डावात हा पुढे सरसावेल त्या डावात ते निमूट पाने टाकून देतील. खेळ सुरूच होणार नाही. ब्लाइंडने या स्वस्थपणाला भाडे लावले. आठ जणांच्या टेबलावर १ आणि २ असे ब्लाइंड असतील, तर आठ डावांच्या एका फेऱ्यात प्रत्येकाच्या ३ चिप्स जातात. केवळ एक्क्यांच्या जोडीची वाट पाहणाऱ्याचे २२१ डावांत सुमारे ८३ चिप्सचे नुकसान होते, आणि अखेर ती जोडी आली आणि सर्वांनी पाने टाकली, तर त्याला पॉटमधल्या ३ चिप्स मिळतात. त्यामुळे मध्यम प्रतीच्या पानांवरही खेळावे लागते, समोरच्याच्या मनाचा अंदाज घ्यावा लागतो, प्रसंगी काही नसताना रेज करावे, म्हणजे लावलेली रक्कम वाढवावी लागते. पोकरमध्ये जे काही कौशल्य आहे, ते या दोन-तीन सक्तीच्या चिप्सभोवतीच जन्माला येते.

तीन पत्ती खेळणाऱ्याला यातले निम्मे आधीच कळलेले असते, कारण तिथे प्रत्येक जण डावाआधी बूट ठेवतोच. पोकरमधली अँटे ही याच जातीची रक्कम आहे: टेबलावरच्या प्रत्येकाने प्रत्येक डावाला सारखी भरायची. ब्लाइंडची रचना निराळी. भरणारे फक्त दोघे, डीलरच्या डाव्या हाताचा पहिला अर्धी रक्कम (स्मॉल ब्लाइंड) भरतो आणि दुसरा पूर्ण (बिग ब्लाइंड). पण ही पाळी प्रत्येक डावाला एक जागा पुढे जाते, म्हणून फेरा पूर्ण होईपर्यंत सर्वांवर भार सारखाच पडतो. शिवाय ही रक्कम नुसती पॉटमध्ये टाकून विसरायची नसते, ती त्या खेळाडूची पहिली बेट, म्हणजे डावात लावलेली रक्कम, म्हणून जमेस धरली जाते. आणि तीन पत्तीत पाने न पाहता खेळण्याची जी ब्लाइंड चाल असते, ती खेळाडू आपखुशीने खेळतो. तिचा या सक्तीच्या रकमेशी संबंध नाही. आमच्याकडे जुन्या मंडळींचा पहिला गोंधळ नेमका येथेच झाला.

बूट सर्वांनी सारखा भरला की कोणाचीच परिस्थिती वेगळी राहत नाही. ब्लाइंडमुळे मात्र दोघांची रक्कम आधीच अडकलेली असते आणि त्यांच्यापुढचा प्रश्न इतरांहून वेगळा होतो. १ आणि २ चे ब्लाइंड असताना कोणी ६ पर्यंत रेज केले आणि बाकीच्यांनी पाने टाकली, तर पॉटमध्ये ९ चिप्स जमलेल्या असतात. बिग ब्लाइंडवरच्या खेळाडूला आणखी ४ घालून १३ च्या पॉटसाठी खेळता येते. म्हणजे जिंकण्याची शक्यता साधारण ३१ टक्के असली तरी त्याचे घातलेले वसूल होण्यासारखे असते. तीच पाने हातात घेऊन दुसऱ्या जागेवर बसलेल्याला पूर्ण ६ घालावे लागतील आणि म्हणून त्याने ती टाकून देणेच योग्य ठरेल. पानांइतकेच जागेलाही मोल आहे, हे नवख्या माणसाला या एका उदाहरणाने जितके लवकर पटते तितके दुसऱ्या कशानेही पटत नाही.

आता बटणांकडे वळतो, कारण या संचातली सर्वांत चांगली वस्तू तीच आहे. डीलरचे बटण पांढरे, चिपपेक्षा बरेच रुंद आणि बोटाला जाड लागणारे आहे. अक्षरे दोन्ही बाजूंना कोरून त्यांत काळा रंग भरला आहे, त्यामुळे बटण कसेही पडले तरी वाचता येते आणि रोजच्या हाताळणीने अक्षर पुसले जाण्याची भीती नाही. स्मॉल ब्लाइंडचे निळे आणि बिग ब्लाइंडचे पिवळे बटणही त्याच जाडीचे आहे. स्वस्त संचांत ही दोन बटणे एक तर नसतातच किंवा चिपच्याच आकाराची पातळ चकती असते, जी पॉट ओढून घेताना चिप्सबरोबर निघून जाते आणि मग ब्लाइंड कोणाचा होता यावर पाच मिनिटे वाद चालतो. येथे तसे होत नाही. सतरंजीवर गोल करून बसल्यावर समोरच्या टोकाकडूनही तिन्ही बटणे स्वच्छ दिसतात. एकच सुधारणा सुचवाविशी वाटते: निळे आणि पिवळे ही दोन बटणे आकाराने तंतोतंत सारखी आहेत आणि इंग्रजी वाचू न शकणाऱ्या वडीलधाऱ्यांना कोणते अर्ध्याचे व कोणते पूर्ण रकमेचे हे रंगावरूनच पाठ करावे लागते. स्मॉल ब्लाइंडचे बटण थोडे लहान केले असते, तर हे सांगण्याची गरजच उरली नसती.

चिप्स ११.५ ग्रॅमच्या म्हणून विकल्या जातात त्या जातीच्या आहेत: आत धातूची चकती, बाहेर कठीण प्लास्टिक, कडेला पांढरे पट्टे आणि मध्यभागी आकड्याचे स्टिकर. हाताला चांगल्या लागतात, वीस-वीसची चळत डळमळत नाही. पांढऱ्या १ च्या १००, लाल ५ च्या ५०, निळ्या १० च्या ५०, हिरव्या २५ च्या ५० आणि काळ्या १०० च्या ५० अशी विभागणी आहे. आठ खेळाडूंना प्रत्येकी १२ पांढऱ्या आणि लाल, निळ्या, हिरव्या प्रत्येकी ६ दिल्या, तर प्रत्येकाकडे एकूण २५२ चे मोल होते. १ आणि २ च्या ब्लाइंडला हे १२६ बिग ब्लाइंड झाले, आणि ब्लाइंड रात्रभर तेवढेच ठेवायचे असतील तर ही वाटणी अगदी सुरेख आहे: पहिल्या डावापासून मोड भरपूर, स्मॉल ब्लाइंडला एक पांढरी, बिग ब्लाइंडला दोन, आणि काळ्या चिप्सना हात लावण्याचीही गरज नाही. अशा खेळासाठी मी या चिप्सना पूर्ण गुण देईन.

स्पर्धेसारखे खेळायचे, म्हणजे ज्याच्या चिप्स संपल्या तो बाहेर आणि अखेरचा उरेल तो विजयी, असे ठरवले की चित्र पालटते. तिथे ब्लाइंड वाढवावेच लागतात, एरवी खेळ पहाटेपर्यंत संपत नाही. आम्ही दर वीस मिनिटांनी १-२, २-४, ५-१०, १०-२०, २५-५० आणि ५०-१०० असा चढता क्रम ठेवतो. आठ जणांच्या मिळून २०१६ मोलाच्या चिप्स खेळात असतात. बिग ब्लाइंड १०० झाला की साऱ्या टेबलावर मिळून जेमतेम २० बिग ब्लाइंड उरतात, आणि मग निकाल लागण्यावाचून गत्यंतर नसते. हा क्रम नीट चालायचा तर लहान चिप्स वेळोवेळी काढून मोठ्या देता आल्या पाहिजेत. ५-१० चा टप्पा आला की पांढऱ्या चिप्सचे काम संपते, पण आठ जणांकडे वाटलेल्या ९६ पांढऱ्यांच्या बदल्यात १९ लाल लागतात आणि पेटीत शिल्लक असतात फक्त २. पुढे १० ची निळी आणि २५ ची हिरवी यांचा मेळ बसत नाही, कारण दोन निळ्या दिल्या तर हिरवी पुरी होत नाही आणि तीन दिल्या तर पाच परत द्यावे लागतात. पाच निळ्या जमल्या की दोन हिरव्या, असाच सौदा करावा लागतो. यावर आम्ही काढलेली वाट अशी की ज्याच्याकडे हिरव्या जास्त जमतात त्याच्याकडून चार-चार घेऊन त्याला काळी द्यायची आणि सुटलेल्या हिरव्यांनी इतरांचा मोड गोळा करायचा. वाट चालते, पण प्रत्येक वेळी खेळ थांबतो. स्पर्धांमध्ये २५, १००, ५००, १००० अशी चढण पसंत केली जाते, तिच्यात चार, पाच आणि दोन असा सरळ हिशेब बसतो. संच बनवणाऱ्याने १० ची चिप का ठेवली याचे समर्थन मला सापडले नाही.

खरी तक्रार नियमपत्रकाची आहे. जो माणूस प्रथमच पोकर खेळणार, तो या पत्रकावर विसंबणार. आणि ब्लाइंडच्या बाबतीत ते कित्येक ठिकाणी गप्प आहे व एका ठिकाणी चक्क चुकीचे आहे.

पहिली उणीव बिग ब्लाइंडच्या हक्काची. पाने वाटल्यावर पहिली बेट बोलण्याची पाळी बिग ब्लाइंडच्या डावीकडच्या खेळाडूची असते आणि फेरी फिरत फिरत शेवटी बिग ब्लाइंडपर्यंत येते. मध्ये कोणी रेज केले नसेल, तरीही त्याला चेक करण्याचा (आणखी काही न घालता पाळी पुढे देण्याचा) किंवा रेज करण्याचा हक्क असतो, कारण त्याने ठेवलेली रक्कम सक्तीची होती, ती त्याने स्वतः होऊन बोललेली नव्हती. पत्रकात फक्त एवढेच आहे की सर्वांची रक्कम सारखी झाली की तीन पाने उघडावीत. त्याप्रमाणे एका डावात चौघांचे दोन-दोन पुढे आले, आठचा पॉट झाला आणि भाचा पाने उघडायला निघाला, तेव्हा निपाणीचे मेहुणे बिग ब्लाइंडवर होते; त्यांनी पत्त्यांच्या गड्डीवर हात ठेवला आणि म्हणाले, "थांब रे, माझं बोलायचं राहिलंय." त्यांनी १२ पर्यंत रेज केले. पत्रक पुढे करून अर्ध्या टेबलाने हरकत घेतली आणि नियमाच्या बाजूने असूनही मेहुण्यांना आपलेच म्हणणे सिद्ध करत बसावे लागले. एका वाक्याने टळणारा हा वाद होता.

दुसरी उणीव दोघेच उरल्यावरची. पत्रकाप्रमाणे डीलरच्या डावीकडचा स्मॉल ब्लाइंड आणि त्यापुढचा बिग ब्लाइंड. दोघांच्या खेळात हे शब्दशः लावले तर डीलरवर बिग ब्लाइंड येतो. प्रत्यक्ष नियम उलटा आहे: दोघे असताना डीलरचे बटण ज्याच्याकडे, तोच स्मॉल ब्लाइंड भरतो, पाने उघडण्याआधी तो प्रथम बोलतो आणि उघडल्यानंतरच्या सर्व फेऱ्यांत शेवटी बोलतो. कारण समजून घेतले की नियम विसरला जात नाही. शेवटी बोलणे ही पोकरमधली मोठी सोय आहे, कारण समोरच्याने काय केले ते पाहून ठरवता येते. डीलरला बिग ब्लाइंड दिला असता, तर आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही टप्प्यांत शेवटी बोलण्याचा लाभ त्यालाच मिळाला असता. नियमाने तो लाभ वाटून दिला आहे.

तिसरी गोष्ट उणीव नसून चूक आहे, आणि ती सर्वांत जास्त खटकते. पत्रक म्हणते की ज्याला पूर्ण ब्लाइंड भरता येत नाही तो खेळातून बाद समजावा. आमच्या धाकट्या वहिनींवर ही पाळी आली. ब्लाइंड २५-५० चे होते आणि त्यांच्यासमोर ३० उरले होते. "भावजी, माझ्याकडे तीसच राहिल्यात, मग मी उठू काय?" असे त्यांनी विचारले. उठण्याचे काहीच कारण नव्हते. अशा खेळाडूने असेल तेवढे ठेवायचे आणि तो ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावलेला, समजला जातो. त्याच्या ३० च्या बरोबरीने प्रत्येकाचे ३० मुख्य पॉटमध्ये जातात आणि तो जिंकला तर तेवढा पॉट त्याचा. मात्र बिग ब्लाइंड कमी भरला म्हणून इतरांची रक्कम कमी होत नाही, त्यांना ५० च भरावे लागतात आणि वरचे २०-२० बाजूच्या पॉटमध्ये जाऊन त्यांच्यापुरते खेळले जातात. चिप्स कमी असलेल्या माणसाला शेवटच्या चिपपर्यंत खेळण्याचा अधिकार आहे, हा या खेळातला न्यायाचा पाया आहे. नवशिक्यांच्या हाती दिलेल्या कागदात नेमका तोच उलटा छापला जावा याचे वाईट वाटते.

चौथा प्रश्न जागेवरून उठणाऱ्यांचा, जो घरगुती खेळात हमखास येतो. आरतीला हाक आली, फोन वाजला, दारात कोणी आले, आणि नेमक्या ब्लाइंडच्या वेळी जागा रिकामी. स्पर्धेच्या पद्धतीत गैरहजर खेळाडूचे ब्लाइंड त्याच्या चिप्समधून भरले जातात, पाने वाटली जातात आणि वाटणी संपताच रद्द केली जातात. ब्लाइंड न वाढणाऱ्या साध्या खेळात त्याला वाटणीतून वगळतात, पण परतल्यावर त्याने चुकवलेले दोन्ही ब्लाइंड भरायचे असतात. त्यातला बिग ब्लाइंड त्याची बेट म्हणून धरला जातो आणि स्मॉल ब्लाइंड सरळ पॉटमध्ये जमा होतो. किंवा त्याने आपला बिग ब्लाइंड पुन्हा येईपर्यंत थांबावे. याखेरीज मधला खेळाडू बाद झाल्यावर बटण कुठे ठेवायचे, याचीही एक व्यवस्था आहे. स्पर्धांचे नियम एकसारखे व्हावेत म्हणून २००१ मध्ये स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनने जी पद्धत स्वीकारली आहे तिच्यात बिग ब्लाइंड नेहमी एक जागा पुढेच जातो. स्मॉल ब्लाइंडवरचा माणूस बाद झाला तर पुढच्या डावात बटण त्याच्या रिकाम्या जागेसमोर ठेवतात, आणि बिग ब्लाइंडवरचा बाद झाला तर पुढच्या डावाला स्मॉल ब्लाइंडच नसतो. यामुळे बिग ब्लाइंड कोणाला चुकवता येत नाही आणि कोणावर दोनदा पडत नाही. तीन बटणांचा खरा उपयोग अशाच वेळी होतो, आणि इतकी चांगली बटणे देणाऱ्या संचाने त्याबद्दल अवाक्षरही छापलेले नाही.

त्याऐवजी पत्रकाचे अर्धे पान स्ट्रॅडलवर खर्च झाले आहे. बिग ब्लाइंडच्या डावीकडच्याने पाने पाहण्याआधी आपण होऊन दुप्पट रक्कम ठेवायची, ही ती प्रथा. ती सक्तीची नाही, तिने खेळ केवळ महाग होतो, आणि घरगुती टेबलावर ती नसलेलीच बरी. सेव्हन कार्ड स्टडचा भाग त्या मानाने ठीक आहे. त्या प्रकारात ब्लाइंड नसतात, सर्वांची अँटे असते आणि ज्याचे उघडे पान सर्वांत लहान त्याने पहिली सक्तीची रक्कम भरायची असते, एवढे पत्रकात आहे. दोघांची पाने सारखी निघाली तर किलवर, चौकट, बदाम, इस्पिक असा चढता क्रम धरून खालच्या रंगाच्या पानावर ती रक्कम पडते, हे मात्र राहून गेले आहे.

ब्लाइंड वाढले म्हणजे आपली स्थिती किती बिघडली हे मोजण्याची एक सोपी रीत बॅकगॅमनचे नामवंत खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती मी टेबलावरच्या प्रत्येकाला शिकवली आहे. आपल्या चिप्सना एका फेऱ्याच्या सक्तीच्या खर्चाने भागायचे. २५२ मोलाच्या चिप्स असताना ब्लाइंड ५-१० असतील, तर भागाकार जवळजवळ १७ येतो, म्हणजे काहीही न खेळता १७ फेरे बसता येईल. तेच ब्लाइंड २५-५० झाले की साडेतीनही फेरे निघत नाहीत आणि मग थोडेथोडे घालून पाहण्याची चैन परवडत नाही, सगळ्या चिप्स लावायच्या किंवा पाने टाकायची. चिप्स तेवढ्याच असताना केवळ ब्लाइंड वाढल्याने माणसाला किती निराळे वागावे लागते, हे शेजारचे कन्नड बोलणारे अण्णा सर्वांत लवकर समजले आणि त्यानंतर त्यांना हरवणे अवघड झाले आहे. शेवटच्या टप्प्यांत आम्ही अँटेही जोडतो, पण प्रत्येकाकडून एकेक गोळा न करता बिग ब्लाइंडवरच्यानेच साऱ्या टेबलाची म्हणून आणखी एक बिग ब्लाइंडएवढी रक्कम भरायची. मोठ्या स्पर्धांत २०१८ च्या सुमारास रूढ झालेली ही पद्धत वेळ वाचवते आणि कोणाची अँटे राहिली याची चौकशी संपवते. तिघे-चौघेच उरले असता मात्र ती एकावर फार जड पडते, तेव्हा ती बंद करावी.

बाकीच्या वस्तूंविषयी थोडक्यात. पत्ते कागदी आहेत आणि बेळगावच्या पावसाळी हवेत श्रावण संपेपर्यंत ते सादळतात, पिसताना एकमेकांना चिकटतात. प्लास्टिकचा एक जोड वेगळा घ्यावा. पेटीची कडी पहिल्याच महिन्यात सैल झाली. टेबलावर अंथरायचे कापड संचात नाही, जाड चादरीवर काम भागते. ब्लाइंड वाढवण्याची वेळ मोजणारे घड्याळही नाही, ते फोनवर होते.

सहा ते आठ जण जमणाऱ्या घराने ब्लाइंड स्थिर ठेवून खेळण्यासाठी हा संच घ्यायला हरकत नाही, बटणांसाठी तर जरूर घ्यावा. पण पत्रक बाजूला काढून त्याच्या जागी वर लिहिलेले नियम एका कागदावर उतरवून झाकणाच्या आत चिकटवावेत. आमच्या पेटीत तो कागद एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला अण्णांनी लिहिलेल्या कन्नडमध्ये आहे, आणि बिग ब्लाइंडच्या हक्काचे वाक्य दोन्हीकडे सर्वांत वर आहे. ज्यांना मुख्यतः स्पर्धेसारखे खेळायचे आहे, त्यांनी आकडे न छापलेल्या, नुसत्या रंगांच्या चिप्सचा संच मिळतो का ते दुकानात आधी विचारावे, म्हणजे पांढरी २५ ची, लाल १०० ची, हिरवी ५०० ची आणि काळी १००० ची असे आपल्या ब्लाइंडच्या क्रमाला जुळणारे मोल आपल्यालाच ठरवता येते.